निळ्या छत्रीची कॅसेट

सोलापूर, ११ नोव्हेंबर २०२४

ती. निवेदिताताईस,
देवदत्तचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसता हं-हं करतो म्हणून तू चिडतेस, तेव्हा नेहमीप्रमाणे पत्रच. आम्ही सगळे खुशाल. चिंचोळीला कारखान्यात काम वाढलंय. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन केसाएवढी चूक शोधायची. भाऊबीजेला आली नाहीस, म्हणून शेंगाचटणी कुरियरनं पाठवली आहे.

आता खरं काय ते. बावीस डिसेंबरला कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे आणि मित्रवर्य गुरूनं मला न विचारता आमच्या बँडचं नाव देऊन टाकलं. गिटार तो, ड्रमवर शाकीर, गायला मी. गाणंही तेच! माझ्या विसाव्या वाढदिवसाला तू निळ्या छत्रीच्या अल्बमची कॅसेट भरून दिली होतीस, कव्हरवरची छत्री रंगीत पेन्सिलींनी स्वतः काढून, त्यातलं शेवटचं. तेव्हा असले इंग्रजी रॉकचे अल्बम आपल्याकडे असेच हातोहात यायचे. कडवं पुटपुटल्यासारखं आणि धृपदाला एकदम जीव तोडून ओरडायचं. आम्ही त्यावर वेडे झालो होतो.

सत्त्याण्णवच्या गॅदरिंगला काय झालं ते तू पहिल्या रांगेतून पाहिलंस. वरच्या ओळीला आवाज कोंबड्यासारखा फाटला, हॉल हसला, मी गाणं अर्धं टाकून उतरलो. तेव्हापासून आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवतो. त्या गायकाला येतं ते मला येत नाही, म्हणजे गळाच नाही, हे मी कधीच मान्य केलं होतं. पण गुरूचा फोन आल्यापासून चैन नाही. सकाळी सिद्धेश्वर तलावाला एकाऐवजी तीन फेऱ्या होतात, आणि घरी येऊन बसलो की पाय हलत राहतो. बायको म्हणते, कुलरचा पंखा परवडला. नाही म्हणून कळवावं असं वाटतं. तुझं काय मत?

तुझा धाकटा,
देवदत्त


धारवाड, १८ नोव्हेंबर २०२४

चि. देवास,
अनेक उत्तम आशीर्वाद. (अठ्ठेचाळीस झाली तरी चि. च.)

चटणी मिळाली. ह्यांनी दोन दिवसांत डबा अर्ध्यावर आणला. तू गाणार असशील तर मी पहिल्या रांगेत येऊन बसते. पण आधी हे वाच, मग मला हवं ते बोल.

तो अल्बम चौसष्ट मिनिटांचा होता. शाकीरनं मुंबईच्या मावसभावाकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला. मला कोरी कॅसेट मिळाली साठाची. शाकीर म्हणाला की शेवटचं गाणं मध्येच तुटणार. मी हट्ट धरला की तुटकं नको, देवाला पूर्ण पाहिजे. मग नबीसाबांच्या, म्हणजे त्याच्या अब्बांच्या रेडिओच्या दुकानात त्यानं टेपच्या मोटरचा स्क्रू जरा फिरवला, अल्बम पळवत वाजवला आणि तसाच भरला. सगळं बसलं! आवाज थोडा बारीक वाटला, तर शाकीर म्हणाला की इंग्रजी गाणी तशीच असतात. मलाही पटलं.

पळवलं की सूरही चढतो, हे आम्हा शहाण्यांना कुठं ठाऊक? मागच्या वर्षी मे महिन्यात लेकीनं फोनवर तो अल्बम लावला. आवाज जाड, खालचा, जरा घोगरा. अगदी तुझ्यासारखा. मला वाटलं फोन बिघडला. मग तो स्क्रू आठवला आणि तव्यावरची पोळी करपली.

दीड वर्ष गप्प बसले, कारण मी भ्याले. ज्या सुराला तू हरलास, तो त्या गायकानंही त्या अल्बमवर लावलेला नाही रे. माझ्या हट्टापायी झालं हे.

रागावलास तरी पत्र टाक.
ताई


सोलापूर, २७ नोव्हेंबर २०२४

ताईस न. वि. वि.

पत्र मिळालं. त्याच संध्याकाळी शाकीरच्या साउंडच्या गोदामात गेलो. तो आधी हसला, मग खुर्ची ओढून खाली बसला. म्हणाला की लई कॅसेटी तशाच भरल्या, आजवर एकानंबी तक्रार केली नाही.

आम्ही मूळ गाणं फोनवर लावलं. मला ते तापातून उठलेल्या माणसानं म्हटल्यासारखं वाटलं. विश्वास बसेना, म्हणून कारखान्याचं स्टॉपवॉच लावलं. मूळ गाणं पाच मिनिटं वीस सेकंद. तुझी कॅसेट अजून माझ्याकडे आहे. तिच्यात बरोबर पाच मिनिटं. केसाएवढी चूक पकडायचा पगार घेतो मी, आणि ही अठ्ठावीस वर्षं कानात होती.

कॅसेट भरलीस त्याचा राग नाही. दीड वर्ष गप्प राहिलीस त्याचा आहे. तेवढ्या दिवसांत दोन गणपती झाले आणि दोन्ही वेळा मी ओठच हलवले. मेळाव्याला येऊ नकोस. तुला पहिल्या रांगेत पाहून मला गाता येणार नाही.

देवदत्त


सोलापूर, २३ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल गायलो.

गुरूची बोटं सवयीनं जुन्याच पट्टीवर गेली. तालमीत पन्नास वेळा खाली उतरवलेलं, आणि माइकसमोर हा प्रकार! मी हात वर करून भर हॉलमध्ये त्याला थांबवलं आणि अर्धा सूर खाली घ्यायला सांगितलं. लोक हसले. या वेळी मी उतरलो नाही. वरची ओळ आली आणि सूर लागला. सुरेख नव्हता, घोगराच होता. मी गाणं शेवटपर्यंत म्हटलं आणि उतरल्यावर शाकीरच्या गळ्यात पडून रडलो.

तालमीत शाकीर म्हणाला होता की तुझ्या ताईनं हट्ट केला नसता, तर हे गाणं आपल्याला मिळालंच नसतं. बरोबर आहे त्याचं. काल सवयीनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. तुला येऊ नको म्हणालो, ते चुकलं माझं.

शाकीरनं कालचं गाणं साठाच्या कोऱ्या कॅसेटवर भरून दिलंय. स्क्रूला हात लावलेला नाही. मी समोर उभा होतो. पाच मिनिटं वीस सेकंद. कॅसेट मात्र पाठवत नाही. तिचं कव्हर कोरं ठेवलंय. संक्रांतीला ये, आणि येताना रंगीत पेन्सिली घेऊन ये.

राग संपला आहे, माया होती तिथंच आहे.

तुझा,
देवा