सुस्वागतम् आणि वरची क्रेन

जुनवानी, भिलाई

तीर्थरूप धोंडबाभाऊंस, धाकट्या पुंडलिकचा दंडवत. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला उतरला असेल असं धरून चालतो (नसला तर काढा घ्या, माझ्या पत्राची वाट पाहू नका). इकडे नातीचं, प्रांजलीचं, लग्न लागलं. जरा उशिरा, पण लागलं. गुडघ्यापायी तुम्हाला येता आलं नाही, म्हणून मीच लिहितो; दुसऱ्याकडून ऐकाल तर तिखटमीठ लावून ऐकाल.

नोकरीभर मी कारखान्यात सावधानीच्या पाट्या रंगवल्या, हे तुम्ही जाणताच. पत्र्यात अक्षर कातरायचं अन् वरून रंग मारायचा. कात्री सरळ जाते, गोल फिरवली की पत्रा मुडपतो. म्हणून माझ्या अक्षरांना गोलाई नाही, नुसते कोपरे. 'व'चं पोटही चौकोनी, अन् ते गळून पडू नये म्हणून बाजूला पट्टी सोडलेली. तुमचा नातू कौस्तुभ दिवाळीत आला, माळ्यावरचे गंजके पत्रे पाहून हरखला अन् कॉम्प्युटरात त्यांचा अख्खा फॉन्ट केला, पट्ट्यांसकट. (मी म्हटलं, आता पट्टी कशाला, तिथून काय गळणार? म्हणे, आजोबा, तीच तर शान आहे.) मीही शेफारलो. लग्नाच्या गेटावर त्याच अक्षरांत हातभर उंच 'सुस्वागतम्' लावलं, हळदीच्या पिवळ्यावर कुंकवाचं लाल.

वरात बोरसीहून आली. नवरदेवाचे वडील श्यामराव आमच्याच कारखान्याच्या रोलिंग मिलमधून रिटायर, निम्मे वऱ्हाडी तिथलेच. या अक्षरांत त्यांनी जन्मभर एकच वाचलेलं: रुको, ऊपर क्रेन है. गेटापाशी सगळे थबकले. बँड थांबला, विड्या विझल्या, मंडळी आपोआप रांगेत उभी राहून वर पाहू लागली. (घोडी तेवढी आत ओढत होती; तिने कधी नोकरी केली नव्हती.) मी हात जोडून या या करतो, कोणी हलेना. श्यामराव म्हणाले, "पुंडलिकराव, सुस्वागतम् लिहिलं आहे, वाचून राहिलो ना मी! पण पायच उचलत नाही, त्याले मी काय करू?" आत प्रांजली हार धरून उभी, भटजी घड्याळ दाखवून राहिले, मुहूर्त चालला. शेवटी आमची घरधनीण ठकूबाई (जिला कारखान्यातलं ओ की ठो कळत नाही असं मी समजत होतो) गेटात येऊन ओरडली, "चला हो, क्रेन गेली!" अन् सगळे भराभर आत. अक्षता पडल्या.

कौस्तुभ शरमून म्हणतो, फॉन्ट पुसून टाकतो. मी म्हटलं, टाक बापा. पत्र्याचं अक्षर, त्याचं काय सोयरसुतक?

नमस्कार करावा असे आता तुम्ही दोघंच उरलात, तेव्हा सगळे तुम्हालाच.

तुमचा
पुंडलिक

ता. क. कौस्तुभला पुसू देऊ नका. तुमचं ऐकतो तो. मी सांगितलं असं म्हणू नका. तुम्हालाच ती अक्षरं आवडतात म्हणा.

आणखी ता. क. डॉक्टरने माझं गोड बंद केलं आहे. ठकूबाईने कौस्तुभकडून त्याच अक्षरांत एक कागद छापून घेतला अन् डब्यावर चिकटवला. त्यावर नुसतं 'लाडू' लिहिलं आहे. लग्नापासून माझा हात पुढे गेलेला नाही. तरी येणाऱ्याच्या हाती थोडी संत्रा बर्फी पाठवा. डब्यावर नाव घालायचंच तर वहिनींच्या वळणदार अक्षरात घाला.