पंढरीच्या दोन फायली

खारबाव, सोमवार

चि. सौ. रूपा हिस कमळताईचे आशीर्वाद. तुझे गुडघे बरे असतीलच. अकलोलीच्या गरम कुंडांशेजारी माहेर असलेल्या बाईची गुडघेदुखीची सबब मी मान्य करत नाही. आईंचा खोकला कसा आहे? माझा फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मीही उचलला नसता, म्हणून केसरीनाथमामांच्या हाती पत्र देते आहे.

तुझा नवरा आणि माझा भाऊ (आधी कोणाचा, हा वाद आज नको) याला मी गेल्या महिन्यात भिवंडीतल्या व्यसनमुक्ती केंद्रात नेले. कानात आवाज येतात असे पंढरीने सांगताच तिथल्या गृहस्थांनी पेनाला टोपण लावले. आधी मनाचा इलाज करून आणा, म्हणाले. मनाच्या दवाखान्यात नेले, तर त्यांना तोंडाचा वास आला. आधी दारू सोडवून आणा, म्हणाले. अशा चार खेपा झाल्या. रिक्षावाला सिराज शेवटी म्हणाला, "मॅडम, आधा इधर छोडूँ, आधा उधर?" पस्तीस वर्षे मी शाळेत काढली, पण एकाच मुलाला दोन वर्गांनी बाहेर उभे केलेले पाहिले नव्हते.

मग मी अक्कल चालवली (हसू नकोस). दोन फायली केल्या, दवाखान्यासाठी निळी, केंद्रासाठी लाल. पंढरीकडून पाठ करून घेतले की केंद्रात फक्त दारूचे बोलायचे आणि दवाखान्यात फक्त आवाजांचे. तीन दिवस उजळणी घेतली. दवाखान्यात या वेळी मारिया नावाच्या नव्या डॉक्टरीणबाई होत्या, वयाने माझ्या शेवटच्या बॅचच्या. त्यांनी साधेच विचारले, आवाज आले की तुम्ही काय करता? पंढरी म्हणाला, "पितो. मंग ते गप बसतात."

मी टेबलाखालून त्याला पाय मारला. तो बाईंना लागला.

त्यांनी पाय मागे घेतला. आवाज काय म्हणतात, एवढेच त्यांनी विचारले. ऊठ, आळशा, आंघोळ कर, कामावर जा, असे म्हणतात, पंढरी म्हणाला. कोणासारखा आवाज? त्याने माझ्याकडे पाहिले आणि पटकन मान खाली घातली. रूपा, मी बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. (पंखा पुसलेला नव्हता.)

बाईंनी माझी लाल फाईल मागून घेतली, त्यातले कागद निळीत लावले आणि तिथूनच केंद्रात फोन केला. हा एकच माणूस आहे आणि त्याला एकदमच बरे करायचे आहे, हे त्यांनी शांतपणे दोनदा सांगितले. आता गुरुवारी दहाला केंद्राचे गृहस्थ दवाखान्यात येणार आणि दोघे मिळून उपचार ठरवणार. मी बाईंची माफी मागितली, पायाची.

तुझी नणंद,
कमळ

ता.क. बाईंनी तोवर दिलेली रोजची गोळी घरच्या माणसाने हातात द्यायची आहे. माझ्या हातून तो घेतो, पण घाबरून घेतो. परत नांदायला ये असे मी म्हणत नाही. तू गेलीस ते योग्यच केलेस. गुरुवारी अर्धा तास त्याच्या शेजारी बसशील का?

ता.क. २. पंढरीने आत्ता वरची ओळ वाचली. "ताई, तिला नको बोलवू. तिकडं तिला झोप तरी लागत असंल," म्हणाला आणि ओळ खोडायला पेन मागितले. मी दिले नाही.