कारण वारा नव्हता

ताई,

तू उठशील तेव्हा मी घरात नसेन. भात कुकरमध्ये आहे, किमची खालच्या डब्यात.

काल दुपारी मी एका विमानाला उतरायची परवानगी दिली आणि मिनिटभरात दुसरं विमान त्याच धावपट्टीवर उभं केलं. पहिलं माझ्या डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. वैमानिकानंच खाली बघितलं आणि विमान परत वर नेलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

सुट्टीविना माझा तो अकरावा दिवस होता. आमचे साहेब म्हणाले, "वाऱ्यामुळे वर गेलं असं लिही. खरं लिहून तू घरी बसलीस तर टॉवरमध्ये कोण बसणार, माझी बायको?"

मी तसं लिहून सही केली गं.

आता खरं सांगायला चौकशी कार्यालयात चाललेय. परवाना जाईल बहुतेक. पण आज माझ्या खुर्चीवर ग्युसोक बसेल, आणि त्याचा आज सुट्टीविना तेरावा दिवस आहे.

आईला लगेच फोन कर. आजच्या विमानाचं तिकीट रद्द करून बुसानहून रेल्वेनंच ये म्हणावं. कारण विचारलं तर काहीही सांग.

सोल्ह्वा