अळणी पाण्यातले लाल फेटे

२ एप्रिल २००४
लाल रंग तयार करणारे जंतू कॉलेजच्या लॅबमधून आणले. केमिकल न्हाय, पंचगंगेत घाण न्हाय. मेहुणा पृथ्वीराजच्या लग्नाचे सगळे फेटे मीच रंगवणार, असं सासऱ्यांना, आण्णांना, तोंडावर सांगून आलो. जमलं तर त्यांची शिरोली एमआयडीसीतली रिकामी शेड माझ्या रंगाच्या कंपनीला. न्हाय जमलं तर त्यांच्याच फौंड्रीत सुपरवायझर. मी बी.एस्सी. मायक्रो हाय. फौंड्रीत जाणार न्हाय.

७ एप्रिल
जंतूंना पांढरा रस्सा पाजला. मेले. लसूण, लवंग नडली. मला शंका होतीच.

११ एप्रिल, रविवार
आता बिनमसाल्याचं अळणी पाणी. मटण शिजलं की पाणी जंतूंना. बायको संयोगिता म्हणाली, मग रस्सा कशाचा करू, तुमच्या डोक्याचा? लग्नापर्यंत घरात सुकंच. शास्त्रासाठी एवढं सोसायला पायजे.

१५ एप्रिल
पातेलं लालभडक. जंतू उकळून मारले, रंग राहिला. शेजारचे केरबा नाक दाबून विचारून गेले, घरात काय मेलंय? केमिकलवाले मेले, म्हटलं. ते वासावरनं भांडले म्हणून फेटे गच्चीऐवजी माळ्यावर वाळवले.

२२ एप्रिल
सगळे फेटे झकास. नवरदेवाचा तेवढा फिका. संयोगिता म्हणाली, माझ्यावर सोडा, मी परत बुडवते. डाळिंबासारखा निघाला. रंग माझाच, हात तिचा. कंपनीत असिस्टंट म्हणून घ्यायला हरकत न्हाय.

९ मे
भर दुपारची वरात. निघाली तेव्हा फेटे लाल, चौकात गुलाबी, हॉलवर पांढरे. आण्णांनी विचारलं, मयतीला आलोय काय आम्ही? मी नवरदेवाकडं बोट दाखवलं. त्याचा तसाच लाल. एक टिकला म्हणजे फॉर्म्युला बरोबर, चूक उन्हाची. आण्णा म्हणाले, तसला आणखी एक करून दाखवा, शेडची किल्ली घ्या. जिंकलो.

१० मे
तो फेटा नक्की कसा बुडवला, म्हणून संयोगिताला विचारलं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, बाजारातल्या रंगाची पुडी. लग्नात भावाच्या डोक्यावर भलतंच काही नको वाटलं. सांगणार होते, पण तुम्ही किती खूष होता.

११ मे
फौंड्रीत रुजू. तात्पुरता.
घरी आलो तर जेवायला पांढरा रस्सा. किती दिवसांनी. संयोगितानं न विचारता दुसरी वाटी भरली. तिखट लागला, डोळ्यांत पाणी आलं.