शालूच्या तुकड्यातली डिस्क

बुधवार, संध्याकाळ. वडसा.

सुखदेवभाऊ आत्ताच डिस्क परत घेऊन गेले. आणली होती तशीच, शालूच्या तुकड्यात गुंडाळून. त्यांच्या पत्नी, इंदूबाई, हाच शालू नेसून झाडीपट्टीच्या नाटकांत गायच्या. बाई गेल्या, आणि त्यांची गाणी या एका डिस्कवर उरली होती.

डिस्क अडखळायला लागली म्हणून भाऊंनी तिच्यासोबत कॉम्प्युटरही माझ्याकडे आणून दिला. मी आमच्या कंपनीचाच डिस्क तपासून दुरुस्त करायचा प्रोग्राम लावला, ज्यावर रोज घरून काम करतो तोच. त्याची खोड मला ठाऊक होती. फाइल धडधाकट असली तरी दुरुस्तीला लागेल म्हणून तो कर्नलकडून, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ यंत्रणेकडून, भलीमोठी मेमरी आधीच घेऊन बसतो. ऑफिसच्या मोठ्या मशीनवर ते कळतही नाही. भाऊंचा जुना कॉम्प्युटर मात्र अर्ध्या दुरुस्तीत हँग झाला. आणि मी काय केलं? थांबायचं सोडून वायर उपटली. गाणी गेली.

दोष सापडला तरच मेमरी घ्यायची, हे मी उन्हाळ्यातच वहीत लिहून ठेवलं होतं. 'कुणाचं अडलंय?' म्हणून राहू दिलं. आज सकाळी बसलो तर जेमतेम दहा-बारा ओळींचं काम निघालं. भाऊंच्याच कॉम्प्युटरला दुसरी डिस्क लावून पाहिली. चहा निवायच्या आत तपासणी संपली.

शालूच्या तुकड्याला गाठ मारता मारता भाऊ म्हणाले, "तू काऊन मनाले लावून घेऊन राह्यला बाबू? कॉम्प्युटरच जुना होता."

मी म्हटलं, "हो भाऊ, जुनाच होता."