बुवांचं वाक्य आणि खालचं मशीन

१४ जून
सकाळची बॅच सुटली. नववीच्या पोरी अजून क्रियापदांशी झटापट करताहेत. मग कंपनीचं नवीन काम उघडलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा पंथाची इंग्रजी प्रवचनं ऐकून जशी इंग्रजीत उतरवायची. नियम नेहमीचाच: अडखळणं, खोकणं, पुन्हा पुन्हा तेच बोलणं गाळायचं, वाक्य वाचण्याजोगं करायचं. प्रवचनकाराला मी आपलं बुवाच म्हणते. तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलतात. श्रोते फार तर तीस. खुर्च्या सरकतात, एक बाळ रडतं.
घरमालक शकीलभाईंचं गादीचं दुकान माझ्या खोलीच्या बरोब्बर खाली. रुई पिंजायचं मशीन लागलं की हेडफोनातलं काही ऐकू येत नाही. भीत भीत सांगितलं. म्हणाले, "नऊ ते अकरा बंद ठेवतो बाई. आमच्या इमरानले इंग्रजी तुमीच शिकवली, म्हणून तर तो अमेरिकेत हाय. तुमचं काम पयले."

२ जुलै
बुवांचा देव फक्त गोऱ्यांचा आहे हे आज कळलं! बाकी आपण सगळे देवाने हात धुतले त्या पाण्याच्या चिखलातून झालेलो. हसू आवरेना. अकोल्याला नंदाला फोन केला. ती म्हणे, "मंग ताई, तो चिखलाकडूनच लिवून घेऊन राहिला का आपलं प्रवचन?" दोघी बहिणी पोट धरधरून हसलो.
काम बरं आहे. घरबसल्या.

१९ ऑगस्ट
फाईल क्रमांक सतरा, फा. १७. एका जागी अडले. बुवा म्हणतात: "आग... म्हणजे ती दुकानं, परक्यांची... देव झाडतो की, नाही का, झाडू..." पुढे खोकला, मग थोडा हशा. एवढंच. दहा वेळा ऐकलं.
गाळता आलं असतं. पण अर्धं वाक्य मला सोसत नाही. सव्वीस वर्षं वह्या तपासल्या, हात आपोआप दुरुस्त करतो. शेवटी जमवलं: परक्याच्या दुकानाला लागलेली आग म्हणजे देवाने आपल्या अंगणात फिरवलेला झाडू. इंग्रजीत तर फारच छान बसलं. खुशीत आल्याचा चहा केला.

७ ऑक्टोबर
प्रवचनांचं पुस्तक निघालं तिकडे. माझ्याच कागदांवरून. फा. ३३ मध्ये टाळ्या एवढ्या की हेडफोन कानावेगळा करावा लागला. हजारो असतील. ते बाळ आता ऐकूच येत नाही. आणि बुवा माझं वाक्य म्हणाले! घडाघडा, पाठ केल्यासारखं. अर्धं ते म्हणाले, उरलेलं गर्दीने एका सुरात.
अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला लिहू.

३० नोव्हेंबर
शकीलभाई मोबाईल घेऊन वर आले. "इमराननं हे पाठवलं. फोनवर काईच बोलत नाई. म्हने, अब्बा, मी सध्या मशिदीत जात नाई. जरा वाचून सांगा बाई."
बातमी. इमरान तिकडे राहतो त्या गावापासून दोन तासांवर एका बाहेरून आलेल्या माणसाचं किराणा दुकान जाळलं. आत त्याचे म्हातारे वडील होते. ते गेले. जाळणारा पंचविशीचा, बुवांच्या पंथातला. बातमीत फोटो होता. जळक्या भिंतीवर रंगाने लिहिलेलं वाक्य.
एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. स्वल्पविरामसुद्धा माझा.
शकीलभाईंनी त्यावरच बोट ठेवलं. "हे भिंतीवर काय लिवलं?"
म्हटलं, नीट दिसत नाही.
चष्मा डोळ्यावर होता माझ्या.

१ डिसेंबर
नऊला मशीन बंद झालं. मी काहीच उघडलं नाही. दोन तास नुसती बसून होते, आणि खाली तो माणूस माझ्यासाठी धंदा थांबवून बसलेला.

२० डिसेंबर
नंदाला सांगितलं. "तू काहून जिवाले लावून घेतं? तू का आग लावाले गेली होती?" तिचं प्रेम कळतं. पण जुलैत आम्ही दोघी हसलो होतो ते तिलाही आठवलं असणार, कारण लगेच तिने फोन ठेवला.

११ जानेवारी
पंथ फुटला म्हणतात. सभागृहाला कुलूप, पुस्तक मागे घेतलं, सगळी ध्वनिमुद्रणं काढून टाकली. तरी एक शेवटची फाईल आली. मोजक्या खुर्च्यांचा आवाज. बाळही नाही. बुवा रडत होते, की खोकत होते.
मी उतरवलं नाही. कंपनीला कळवलं, काम सोडलं. सहा महिने उशिरा.

२ फेब्रुवारी
त्या आगीच्या खटल्यात बुवा कोर्टात म्हणाले, ते वाक्य मी कधी उच्चारलंच नाही, उतरवून घेणाऱ्याने पदरचं घातलं.
पहिलं खोटं. दुसरं खरं.
कंपनीचा निरोप: जुन्या सगळ्या फाईली पुसा आणि पुसल्याचं कळवा. म्हणजे बुवांच्या तोंडून ते वाक्य ऐकू येतं ती फा. ३३ आता फक्त माझ्याकडे असेल. ती दिली तर बुवा खोटे पडतील. पण ३३ दिली तर वाक्य मुळात कुठून आलं ते विचारतील, म्हणजे १७ पण द्यावी लागेल, आणि १७ मध्ये मी आहे. दोन्ही पुसल्या तर तो सुटेल आणि मीही सुटेन.
पुसल्या नाहीत. दिल्याही नाहीत.

९ फेब्रुवारी
खाली गेले. शकीलभाई गादीला टाके घालत होते. म्हटलं, त्या दिवशी भिंतीवरचं दिसलं होतं मला. वाचून दाखवलं, मराठीत, शब्दन्‌शब्द. मग म्हटलं, हे मी लिहिलंय. कसं, ते सगळं सांगितलं. त्यांनी सुई गादीत खोचून ठेवली.
"नऊ ते अकरा हेच आयकत होत्या का बाई?"
हो म्हटलं.
ते उठून मशीनकडे गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी जिना चढत होते तेव्हा साडेनऊ झाले होते. मागे मशीन सुरू झालं.

१२ फेब्रुवारी
तिकडच्या सरकारी वकिलाचा पत्ता शोधून काढला. फा. ३३ जोडली. फा. १७ सोबत एक कागद द्यायचा ठरवलाय: बुवा बोलले ते जसंच्या तसं, अडखळण्यासकट, खोकल्यासकट. त्यातलं त्यांचं किती आणि माझं किती, तेही. काहीही दुरुस्त न करता उतरवायचं, हे आयुष्यात पहिल्यांदाच.
तीन दिवस झाले, रोज सकाळपासून मशीन चालू, नऊ ते अकरासुद्धा. हेडफोन कानाला दाबून धरला तरी "झाडू"च्या पुढचं ऐकू येत नाही. अंदाजाने भरायचं नाही, आता तरी नाही.
खाली जाऊन त्यांना मशीन थांबवा म्हणावं लागेल.