टॉवरची सूचना गल्लीत

मंगळवार, १६ जून

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत. फोन उचलत नाहीस म्हणून ही चिठ्ठी. अक्षराला हसू नकोस, शाळेत मी किती टिकलो ते तुला ठाऊक आहे.

साथीच्या सूचना देणाऱ्या गाडीवरची नोकरी गेली. ही कितवी, ते तूच लक्षात ठेवतेस. पण यावेळी कंटाळून सोडली नाही, हाकललं.

सूचना दोन होत्या, दोन्ही माझ्याच आवाजात. टॉवरमधल्या फ्लॅटवाल्यांसाठी गोड: 'ताप आला तर घाबरू नका, आम्हाला सांगा, डॉक्टर घरी येतील.' तुमच्या गल्लीसाठी: 'ताप लपवाल तर गुन्हा दाखल होईल, घर सील होईल.' साहेबांना विचारलं, असं का? म्हणाले, "त्यांना हीच भाषा कळते." म्हटलं, माझी ताई तिथेच राहते. "मग तुलाही कळत असेल."

परवा एक कुत्रं तोंडात मास्क धरून गाडीपुढे पळत होतं. काय ऐट त्याची! त्याला बघताना सूचनांचा क्रम चुकला. टॉवरखाली गुन्ह्याची धमकी वाजली. बाल्कन्या भरल्या, साहेबांचा फोन सुरू झाला. तोवर मी तुमच्या गल्लीत, आणि भोंग्यावर गोड सूचना.

ताई, दारं उघडली गं. नळाजवळचा शिंपी बाहेर आला. "आठवडाभर ताप आहे. कुणी विचारलंच नव्हतं." त्याला गाडीतूनच दवाखान्यात नेलं. काल उठून बसला, माझ्या शर्टाची शिलाई वाईट आहे म्हणाला.

तुझं दार मात्र बंद. शेजारीण म्हणाली, भाऊजी कामासाठी परगावी गेलेत. मग दाराबाहेर त्यांच्या चपला कशा? माणूस परगावी अनवाणी जातो?

कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी चपला पायाने आडोशाला सरकवल्या. तेवढ्यात आतून खोकला आला, उशीत दाबल्यासारखा.

रोज तुझ्या दारासमोर मीच ओरडत होतो ना. उघडशील कशी?

दवाखान्यातल्या नर्सला सांगून भाऊजींसाठी एक खाट धरून ठेवलीय. संध्याकाळपर्यंतच. घर सील होणार नाही असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. झालं तर पाणी, औषधं, काय लागेल ते मी खिडकीतून देईन. यावेळी कुठे पळणार नाही. चिठ्ठी दाराखालून सरकवतोय. भोंगा नाही, साहेब नाहीत. कडी काढ.

पायरीवर बसलेला,
तुझा धाकटा